गरिबीवर इंग्रजीत लिहिताना कर्ता कुठं जातो?

पेट झाली, मुलाखत तोंडावर आली आणि आता संशोधन आराखडा लिहायचाय, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. आराखड्याला हात घालण्याआधी एक लहानसं काम करा. आपल्या गावातल्या गरिबीवर इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. मग त्याच विषयावर मराठीत पाच वाक्यं लिहा. भाषांतर नको. घरी बोलता तसं लिहा.

इंग्रजीतली वाक्यं साधारण कशी येतात ते शिकवणीच्या वह्या वाचून मला पाठ झालंय. पॉव्हर्टी इज अ कर्स. पूअर पीपल सफर अ लॉट. फार्मर्स आर इल्लिटरेट अँड हेल्पलेस. देअर चिल्ड्रन आर डिप्राइव्हड ऑफ एज्युकेशन. आणि शेवटी न चुकता, गव्हर्नमेंट शुड टेक नेसेसरी स्टेप्स. व्याकरणात खोट नाही, स्पेलिंग बरोबर, दहापैकी सात मार्क पडतात.

त्याच पोरानं किंवा पोरीनं मराठीत लिहिलेलं बघा. मामानं मुकादमाकडून उचल घेतली, म्हणून बहिणीला वसतिगृहात ठेवलं. कापूस वेचायचा किलोमागं दर ठरला, पण काट्यात मारलं. मोंढ्यात सोयाबीन नेलं तर ओलावा दाखवून भाव पाडला. रेशनला अंगठा लागत नाही म्हणून आजीला तीन चकरा माराव्या लागल्या.

दोन्ही वह्या एकाच माणसाच्या. मराठीत कुणीतरी कुणालातरी काहीतरी करतंय. घेतंय, कापतंय, पाडतंय, नेतंय. इंग्रजीत कुणीच काही करत नाही. गरिबी ही तापासारखी येते आणि माणसं तिनं 'सफर' करतात. कर्ता गेला कुठं?

माझ्या प्रबंधाचा विषय थोडक्यात हाच आहे: दुसरी-तिसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना गरिबी आणि विषमतेबद्दल कोणतं इंग्रजी वाचायला मिळतं, आणि ते वाचून त्यांचं लिहिणं कसं घडतं. आजच्या लेखात सगळा प्रबंध सांगत बसत नाही. दोन-चार मजकूर घेऊन दाखवतो. यातून तुमच्या आराखड्याचं पहिलं पान बदललं तर बरंच आहे.

सुरुवात सगळ्यात गाजलेल्या पाठापासून करू. एनसीईआरटीच्या बारावीच्या 'फ्लेमिंगो' पुस्तकात अनीस जंग यांचा 'लॉस्ट स्प्रिंग' आहे. सीबीएसईच्या पोरांना तो परीक्षेला असतो, आणि स्पर्धा परीक्षावालेही निबंधासाठी त्यातली वाक्यं उचलतात. पाठाचे दोन भाग. पहिल्यात दिल्लीच्या कडेला सीमापुरीत कचरा वेचणारा साहेब नावाचा मुलगा, घरचे ढाक्याहून आलेले. दुसऱ्यात फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांच्या भट्ट्या आणि मोटार मेकॅनिक व्हायचं म्हणणारा मुकेश.

पाठ वाईट नाही, हे आधी सांगतो. त्यात एक जागा फार प्रामाणिक आहे. लेखिका साहेबला सहज म्हणून जाते की मी शाळा काढली तर येशील का, आणि काही दिवसांनी तो खरंच विचारत येतो की झाली का शाळा. तिला ओशाळल्यासारखं होतं. लिहिणारा माणूस स्वतःही त्या व्यवहारात अडकलेला असतो, आपल्या एका वाक्यानं समोरच्याची आशा वाढते, हे तिनं लपवलेलं नाही. क्षेत्रकार्याला जाणाऱ्या प्रत्येकानं ही जागा दोनदा वाचावी. प्रश्नावली घेऊन गेल्यावर 'साहेब, याचं काही मिळंल का?' हा प्रश्न तुम्हालाही येणार आहे, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते ठरवूनच जा.

दुसरी चांगली जागा म्हणजे साहेबची चहाच्या टपरीवरची नोकरी. महिना ८०० रुपये आणि जेवण. हातात आता मालकाचा डबा आहे. कचऱ्याची पिशवी त्याची स्वतःची होती, डबा दुसऱ्याचा आहे, आणि म्हणून तो जड आहे. एका वस्तूत मालकी आली, मजुरी आली, आणि जे गमावलं तेही आलं. शब्द सगळे सोपे.

पण पाठाचा मोठा भाग असा चालत नाही. तो उपमा-रूपकांवर चालतो. कचऱ्याला सोन्याची उपमा, बांगड्यांच्या रंगांची आतषबाजी, अंधाऱ्या खोल्या, विझलेले डोळे. सावकार, दलाल, पोलीस, अधिकारी, राजकारणी येतात, नाही असं नाही. तरुण कामगार सहकारी संस्था का काढत नाहीत याचं उत्तरही मिळतं. पण बांगडीमागं कारागिराला काय मिळतं, दलाल ती कितीला विकतो, कर्ज कुठल्या महिन्यात घेतलं जातं आणि कशातून कापलं जातं, हा हिशेब पाठ उलगडत नाही. सावकार आहे, पण सावकार *काय करतो* हे नाही.

आणि मग पाठाखालचा स्वाध्याय. पुस्तकच सांगतं की इथे दुःखाच्या खऱ्या घटना काव्यमय गद्यातून साहित्यानुभव झाल्या आहेत, आणि त्यासाठी अतिशयोक्ती, रूपक, उपमा हे अलंकार वापरलेत. पुढं पाठातली वाक्यं देऊन विचारतं, ओळखा, कोणता अलंकार? सतरा वर्षांच्या पोरानं कचरा वेचणाऱ्या पोराबद्दलचं वाक्य वाचायचं आणि त्याखाली 'मेटाफर' लिहायचं. एक गुण.

त्याच पानांवर एक चांगला प्रश्नही आहे, हे नोंदवायला हवं. बांगडी कामगारांना गरिबीत ठेवणाऱ्या शक्ती कोणत्या, असा. पण गाईडमध्ये त्याचं उत्तर काय असतं? नामांची रांग. सावकार, मिडलमन, पोलीस, ब्युरोक्रॅट, पॉलिटिशियन. पाच नावं लिहिली की काम झालं. एकाही नावापुढं क्रियापद नाही. ही सवय बारावीत लागते आणि पीएच.डी.पर्यंत उतरत नाही. तुमच्या आराखड्यात 'सोशल, इकॉनॉमिक, पोलिटिकल अँड कल्चरल फॅक्टर्स' असं लिहिलंय का बघा. ती त्याच रांगेची मोठी बहीण आहे.

आता म्हणाल, आपण स्टेट बोर्डवाले, आपल्याला हा पाठ नव्हताच. बरोबर. आपल्याकडं २०१९ पासून अकरावीच्या इंग्रजी युवकभारतीत 'द कॉल ऑफ द सॉइल' आहे. वेंकट अय्यर यांच्या 'मूंग ओव्हर मायक्रोचिप्स' या पुस्तकातला भाग. मोठ्या संगणक कंपनीतली नोकरी सोडून हा माणूस डहाणूजवळ शेती घेतो, रसायनांशिवाय भात पिकवायचं ठरवतो, जुनं बियाणं शोधत फिरतो. साधं, मोकळं, गमतीनं लिहिलेलं गद्य. माणूस फुशारकी मारत नाही. मला तो पाठ आवडतो.

तरी परभणी तालुक्यातल्या एखाद्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात तो वाचला जातो तेव्हा काय होतं याचा विचार करा. समोरच्या बाकांवर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी माती साद वगैरे घालत नाही. माती आहेच, ती सोडता येत नाही, आणि सोडली तरी पुण्याला कंपनीत हेल्परच व्हायचंय. पाठातल्या माणसाला परत जायचा रस्ता उघडा आहे, आणि त्यामुळेच त्याचा निर्णय सुंदर वाटतो. यात त्याचा दोष काही नाही. प्रश्न पुस्तकाच्या निवडीचा आहे. शेती निवडणाऱ्याची गोष्ट इंग्रजीत सांगितली जाते. जिला शेती निवडायची मुभाच नव्हती तिची गोष्ट कुठल्या भाषेत?

ती मराठीत होती. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आपल्यातल्या पुष्कळ जणांनी पाठ्यपुस्तकात वाचलीय. टोमॅटो घेऊन बाप बाजारात जातो, भाव पडत पडत मातीमोल होतो, आणि शेवटी बाप स्वतःच्याच हातानं पिकवलेला माल पायाखाली तुडवतो. कथेत 'गरिबी' हा शब्द शोधत बसायची गरज पडत नाही. बाजार आहे, गिऱ्हाईक आहे, भाव आहे, मुलगा बघतोय. कळंबच्या बाजूची ती भाषा आपल्या भाषेला इतकी जवळची की वर्गात कुणाला शब्दार्थ लागत नाहीत.

म्हणजे बघा, एकाच राज्यात, एकाच वयाच्या पोरांनी शेतीचं नुकसान मराठीतून शिकलं आणि शेतीचं सुख इंग्रजीतून. हे कुणी कट करून केलंय असं मी म्हणत नाही. पण दोन भाषांच्या तासांना दोन वेगळी शेतं भेटली की पोरगं नकळत ठरवून टाकतं, आपल्या घरचं ते मराठीत बोलायचं आणि इंग्रजीत 'ॲग्रीकल्चर इज द बॅकबोन' लिहायचं.

आता शब्दांकडं येतो, कारण संशोधनात गाडी बहुतेक वेळा इथंच अडते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. तुम्हाला हे मी सांगायला नको. यावर इंग्रजीत लिहायचं तर पहिलाच शब्द आडवा येतो, *उचल*. शब्दकोश म्हणतो ॲडव्हान्स. पण ॲडव्हान्स तर कार्यालयातल्या बाबूलाही सणाला मिळतो, तो हक्क असतो. बरं, लोन म्हणावं तर बँक डोळ्यांसमोर येते, पासबुक येतं. बाँडेड लेबर म्हणावं तर ती १९७६ च्या कायद्यातली संज्ञा आहे. ती वापरली की पुढच्या पानावर ती कायद्याच्या कसोटीवर सिद्ध करावी लागते, आणि परीक्षक तिथंच पकडतो.

उचल म्हणजे पुढच्या हंगामाचे कष्ट आधीच विकून घेतलेले पैसे. ते मुकादम देतो, त्याला कारखान्याकडून मिळालेले असतात. ते टनावर फिटतात. फिटले नाहीत तर 'अंगावर राहतात', आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. 'अंगावर राहणं' हा वाक्प्रचारच बघा. कर्ज वहीत राहत नाही, अंगावर राहतं. एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा' धरला जातो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड चढतो.

आणि *कोयता*. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. 'या टोळीत दहा कोयते आहेत' म्हणजे वीस माणसं. मजुरीचा हिशेब जोडीचा. बाईचं काम कोयत्याच्या अर्ध्यात गडप होतं, आणि उचल सहसा पुरुषाच्या हातात पडते. इंग्रजीत तुम्ही 'टेन कपल्स' लिहिलंत की हा सगळा हिशेब पुसला. हत्याराचं नाव दोन माणसांना पडलंय, ही गोष्टच निघून गेली. माझ्या मते एक अख्खं प्रकरण या एका शब्दावर उभं राहू शकतं. कुणी लिहिणार असेल तर जरूर लिहा.

मग करायचं काय? मराठी शब्द तसाच ठेवायचा आणि पहिल्यांदा येतो तिथं साध्या दोन वाक्यांत उलगडायचा. त्यानंतर तो शब्द आपला. चौकटीतलं परिशिष्ट, शब्दसूची वगैरे नंतर बघू. याला मार्गदर्शकांचा आक्षेप असतो की बाहेरचा परीक्षक हे कसं समजणार. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये त्याचं इंग्रजी केलं तेव्हा नाव 'बलुतं'च ठेवलं. गावगाड्यात कुणी कुणाला कशाच्या बदल्यात किती धान्य द्यायचं, आणि कुणी ते हात पसरून घ्यायचं, याला इंग्रजीत एक शब्द नाही, कारण ती व्यवस्थाच तिथं नव्हती. वाचक तो शब्द शिकतो. आपण नाही का 'फ्यूडॅलिझम' शिकलो?

नाव बदललं की काय होतं याचं उदाहरण शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त आहे. मूळ पुस्तक १९८४ चं, संतोष भूमकर यांचा इंग्रजी अनुवाद २००३ चा. इंग्रजी पुस्तकावर 'अक्करमाशी' हा शब्द आहे, पण त्याच्या आधी मोठं नाव आहे 'द आउटकास्ट'. आता बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचा तो अक्करमाशी, तोळ्याला एक मासा कमी. माणसाला सोन्यासारखं तराजूत घालून उणा ठरवणारा हा शब्द आहे. आई महार, बाप पाटील, आणि मुलगा दोन्हीकडच्या वजनात न बसणारा. 'आउटकास्ट' म्हटलं की तो जातीच्या बाहेर टाकलेला होतो. पुस्तकाचं दुखणं मात्र बाहेर असण्याचं नाही. तो दोन्ही बाजूंना अर्धवट *आत* आहे, आणि म्हणून शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं हा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीच्या एम.ए.ला तुम्ही हे पुस्तक अनुवादातून वाचलं असेल आणि उत्तरपत्रिकेत 'आउटकास्ट' या शब्दावर दीड पान लिहिलं असेल, तर घरी मूळ मराठी पुस्तक आणून पुन्हा बघा. दोन्ही भाषा येतात ही तुमची जमेची बाजू आहे, आणि दिल्ली-हैदराबादच्या कितीतरी संशोधकांकडं ती नाही.

उलटंही घडतं. लक्ष्मण गायकवाड लातूरकडचे. त्यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवादाचं नाव 'द ब्रँडेड', म्हणजे डागलेला. मराठी नाव गावानं आणि पोलिसांनी ठेवलेलं नाव तसंच पुढं करतं, उचलणारा. इंग्रजी नाव विचारतं, डागलं कुणी? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो, जो १९५२ मध्ये गेला पण ज्याचा डाग गेला नाही. इथं इंग्रजीतल्या कर्मणी प्रयोगानं कर्त्याकडं बोट दाखवलंय. म्हणून 'पॅसिव्ह व्हॉइस वापरू नका' असला सरसकट नियम मी देणार नाही. कर्मणी प्रयोगानं कर्त्याचा प्रश्न उभा राहतो की मिटतो, तेवढं तपासा.

आता कुणी म्हणेल, ही सगळी साहित्याची उदाहरणं झाली. संशोधनाचं इंग्रजी कोरडं असतं, आणि आपली पोरं इंग्रजीत कच्ची, त्यांना हे झेपणार कसं?

यासाठी मी नेहमी एकाच कागदाकडं बोट दाखवतो. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी दिलेलं इंग्रजी निवेदन. इंग्रजी ही त्यांच्यासाठीही शाळेत शिकलेली भाषा होती. आयोगापुढं ते व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य म्हणून येतात. आणि मांडतात काय? सरकारचा महसूल येतो कुठून, तर रयतेच्या कष्टातून. तो शिक्षणावर खर्च होतो कुणासाठी, तर वरच्या वर्गांच्या मुलांसाठी. म्हणजे देतो एक आणि शिकतो दुसरा. मग मागण्या: ठरावीक वयापर्यंत, किमान बाराव्या वर्षापर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले घ्या, त्यांचा पगार किमान १२ रुपये ठेवा. 'पूअर पीपल सफर' असं लिहून ते थांबत नाहीत. पैसा कुठून कुठं जातो याचा माग काढतात. त्याला लागतात देणं, घेणं, भरणं, मिळणं ही क्रियापदं, पाचवी-सहावीत शिकवली जाणारी.

याच माणसानं पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' मराठीत लिहिला. तिथली भाषा तापलेली, शिव्याशापांपर्यंत जाणारी, शेतकऱ्याच्या झोपडीतली भांडीकुंडीसुद्धा मोजणारी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. भाषा बदलली, आवाज बदलला, ऐकणारा बदलला. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मात्र दोन्हीकडं तेच राहिलं. इंग्रजीत गेल्यावर ते गळून पडलं नाही. वर म्हटलेल्या दोन वह्यांमध्ये नेमकं हेच गळतं.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं, पटकन सांगतो. १९१८ मध्ये भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला. सगळे म्हणत होते, शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी विचारलं, *लहान* म्हणजे कशाच्या मानानं? जमिनीचा आकार एकट्यानं काही सांगत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती राबते हात आहेत यावरून तुकडा लहान की मोठा ते ठरतं. मग जमिनीवर रिकाम्या हातांचा भार किती पडलाय ते दाखवून ते औद्योगिकीकरणाच्या उपायापर्यंत जातात. एका साध्या विशेषणाला धरून अख्खा निबंध उभा केलाय.

तुमच्या आराखड्यातलं विशेषण आहे 'पूअर'. त्याला हाच प्रश्न विचारा. कुणाच्या मापानं गरीब? पुण्याच्या गोखले संस्थेतले दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' लिहिलं तेव्हा माप धरलं होतं दिवसाला २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च. नंतरच्या समित्यांनी मापं बदलली, आणि प्रत्येक वेळी गरिबांची संख्याही बदलली. आपल्या गावात माप आहे रेशनकार्डाचा रंग, पिवळं की केशरी की पांढरं. पिवळं कार्ड कुणाला मिळालं आणि कुणाचं राहिलं, हे उत्पन्नाइतकंच ओळखीपाळखीवर असतं हेही तुम्हाला माहीत आहे. तीन मापं, तीन वेगळी गरिबं. प्रबंधात कोणती धरणार ते पहिल्या प्रकरणात लिहा. नाहीतर 'पूअर' हा शब्द प्रत्येक पानावर वेगळ्या माणसाला चिकटत राहील.

एक गोष्ट राहिली, *दे* या सर्वनामाची. 'दे आर इल्लिटरेट.' हे 'दे' कोण? कित्येकदा लिहिणाऱ्याचे आईवडील. 'लॉस्ट स्प्रिंग'ची लेखिका बाहेरून येते, बघते, जाते. तिनं 'ते' म्हणणं सरळ आहे. आपण तिची वाक्यं पाठ करताना तिची उभं राहण्याची जागाही घेतो, आणि मग स्वतःच्या घराकडं पाहुण्यासारखं बघायला लागतो. याला उपाय म्हणून सगळीकडं 'वी' लिहा असं मी सुचवणार नाही. तो दुसरा घोळ आहे, कारण गावातला प्रत्येक जण 'आपण' नसतो. गावात मुकादमही असतो, पंधरा एकरवालाही असतो आणि ज्याला अजून विहिरीवर वेगळं थांबावं लागलेलं आठवतं तोही असतो. आपल्याच परभणीत राहून लिहिणाऱ्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाव म्हणजे एक गोड 'आपण' नसतो, हे कळायला त्या कथा वाचा. पद्धतीच्या प्रकरणात एवढंच लिहा की हे गाव माझं आहे, माझं घर त्यात अमुक ठिकाणी आहे, माझ्या घरानं उचल घेतलीय किंवा दिलीय. पुढं नावानं, नात्यानं, कामानं लिहा. ऊस तोडणारी बाई. तिचा नवरा. मुकादम. 'दे'ची गरज फारशी पडत नाही.

आता सुरुवातीचा कागद काढा. इंग्रजीतल्या प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ ओढा. 'पॉव्हर्टी', 'इल्लिटरसी', 'फॅक्टर्स', 'सिच्युएशन' असलेच कर्ते निघाले तर ती वाक्यं बाजूला ठेवा आणि मराठी पाचांतलं एक वाक्य घ्या. मामानं मुकादमाकडून उचल घेतली, म्हणून बहिणीला वसतिगृहात ठेवलं. हे इंग्रजीत न्या. घ्यायला 'टेक', फेडायला 'रिपे', देणं लागण्यासाठी 'ओ', कापण्यासाठी 'कट', राहण्यासाठी 'स्टे'. एवढ्यावर भागतं. 'उचल' तसाच राहू द्या, दोन वाक्यांत उलगडा. किती रुपये, कुठल्या महिन्यात, किती टन तोडल्यावर फिटणार, हे मामाला विचारा, म्हणजे आकडे येतील.

मग लक्षात येईल की मामाचं वाक्य एकटं उभं राहत नाही. मुकादमाबद्दल लिहावं लागेल, कारण तोही बऱ्याचदा काल-परवापर्यंत कोयता चालवणारा, आणि टोळीतलं एखादं जोडपं पळालं तर ती उचल त्याच्या अंगावर. त्याला पैसे देणाऱ्या कारखान्याबद्दल लिहावं लागेल. मामीबद्दल लिहावं लागेल, जिची सही कुठंच नाही. आणि वसतिगृहातल्या बहिणीबद्दल, जी कदाचित या वर्षी अकरावीला असेल आणि 'द कॉल ऑफ द सॉइल'चे शब्दार्थ लिहीत बसली असेल.